न घेतलेली नोटीस

वकिलांविरुद्धचं ते पत्रक माझंच. 'काळ्या कोटातल्या जळवा' असा मथळा. केशोरीच्या बाजारात ओरडून वाचलं, लोकांनी टाळ्या पिटल्या. त्या टाळ्यांची मला अजून लाज वाटते.

आमच्या घरामागं एक विधवा मावशी राहायची. नात्याची नव्हे, पण तिच्या हातचं खाऊन मी वाढलो. नवऱ्यामागं बारा वर्षं ती दुसऱ्याच्या मालकीची धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, कसत होती. मालकानं तिला काढायला कोर्टात दावा लावला. बेलीफ नोटीस घेऊन दारात आला, तशी ती माझ्याकडं धावली.

"बाबू, अंगठा मारू का?"

"कागद घेऊच नको! इंग्रजांचं कोर्ट आपल्या लोकांनी असंच मोडलं. नोटीस घेतलीच नाही, तर दावा चालणार कसा?"

"इचार करून पाय बरं. नाई त गोंदियाले जाऊन वकिलाले इचारतो."

"वकील? तो मालकाच्याच ताटात जेवणारा!"

तिनं ऐकलं. बेलीफानं 'नाकारली' असं लिहून कागद दाराला चिकटवला. मी तो चारचौघांत फाडला. पुन्हा टाळ्या.

काही महिन्यांनी कोर्टाची माणसं बांधीचा ताबा घ्यायला आली, तेव्हा माझे डोळे उघडले. ज्यांच्या खिडकीखाली घोषणा दिल्या होत्या, त्याच गोंदियाच्या म्हाताऱ्या वकिलांकडं मी तिला घेऊन गेलो. त्यांनी कागद वाचले, चष्मा काढला.

"नाकारलेली नोटीस पोचलीच धरतात. निकाल एकतर्फी झाला, मुदतही गेली. बारा वर्षांची वहिवाट होती, हजर राहिली असती तर मी लढलो असतो." बाकावर तीन कुळं बसली होती. "यांच्या बांध्या वाचल्या. हे वेळेवर आले. आणि तुला हे कोणी शिकवलं, माई?"

मी तोंड उघडणार, त्याआधी तीच बोलली, "कोनीच नाई, साहेब. माह्याच डोस्क्यातलं येडेपन."

इंग्रज गेले होते, कोर्ट आता आपलं होतं. तिथं गरिबाची बाजू मांडायला जाणता माणूस लागतो, एवढी अक्कल माझ्या एकाही पत्रकात नव्हती.

त्या साली ती त्याच बांधीत रोजमजुरीनं धान रोवायला गेली. मी मान खाली घालून बांधावरून जात होतो. चिखलातून तिनं हाक मारली,

"काऊन रे बाबू, जेवला नाई का?"