सूपवाल्या बाई

नवघरच्या आमच्या सोसायटीच्या मीटिंगला बाई हातात सूप घेऊन यायच्या. सेक्रेटरी विषय वाचायचा, बाई तांदूळ निवडायच्या. जन्मभर शाळेत मराठी शिकवलेलं, माहेर-सासर दोन्हीकडे मिठागरं. गावातलं घर पाडून बिल्डिंग झाली, तेव्हा त्यांना चौथ्या मजल्यावर जागा मिळाली. मी गिरगाव सोडून इथे राहायला आलेला, म्हणून मला त्या 'गिरगावकर' म्हणायच्या. त्यात माया थोडी आणि टोमणा जास्त!

एकदा ठराव आला, मागचा नाला बुजवून पार्किंग करायचं. बाई एकट्याच विरोधात. मी शहाण्यासारखं म्हटलं, "बाई, जरा विवेकानं घ्या."

झालं! सूप थांबलं.

"विवेक म्हणजे काय रे, गिरगावकर?"

"म्हणजे... समजूतदारपणा."

"डोंबल तुझं! संस्कृतातला विच् धातू. अर्थ, वेगळं करणं, धान्य पाखडणं. गप्प बसायला विवेक म्हणत न्हाईत." मग सगळ्यांकडे वळून म्हणाल्या, "गाड्यांना जागा पाहिजे, हा दाणा. नाला बुजवायचा, हा खडा. एकाच ठरावात कशाला कालवलंत? भरतीचं पाणी याच वाटेनं येतं-जातं. वाट अडवलीत तर खालच्या बैठ्या घरांत शिरेल."

"पण तुमचं घर तर वर आहे!" कोणीतरी म्हणालं.

"हाय ना. म्हणून डोळे मिटू?"

ठराव पास झाला. माझाही हात वर होता. नवी गाडी घेतली होती हो, काय सांगू!

दुसऱ्या दिवशी सकाळी राडारोड्याचा डंपर आला. नाल्याच्या तोंडाशी बाई खुर्ची टाकून बसलेल्या, मांडीवर सूप. ड्रायव्हरला म्हणाल्या, "भैया, पहले मेरा चावल साफ होने दे." दिवसभर तेच तांदूळ पुन्हा पुन्हा निवडत राहिल्या. दुपारी बैठ्या घरांतल्या बायका आपापली सुपं घेऊन शेजारी येऊन बसल्या. मी गॅलरीतून बघत होतो. खाली जायची लाज वाटली. संध्याकाळी डंपर भरलेलाच परत गेला, आणि नाला बुजवायचं तेव्हा राहिलं ते राहिलंच.

गेल्या वर्षी बाई गेल्या. सुनेनं ते सूप माझ्या हातात दिलं. "गिरगावकरला द्या, त्याला अजून निवडता येत नाही, असं म्हणाल्या होत्या." मी जिन्यातच रडलो.

काल नोटीस लागलीय, पुन्हा तोच ठराव. लागू दे. उद्या डंपर आला तरी येऊ दे. खुर्ची मी आजच खाली नेऊन ठेवलीय, आणि तांदूळ घरात भरपूर आहेत.