कोल्हारला झालेला राजाचा दहावा

परक्या राजांवर माझ्या थोरल्या साडूंइतका जीव टाकणारा माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि एकावरच भागलं हे जिल्ह्याचं नशीब. कोल्हारला इतिहास शिकवून निवृत्त झाल्यापासून ते जगातल्या उरल्यासुरल्या राजेराण्यांची काळजी वाहतात. लग्नात अक्षता पडायच्या आत शेजारच्याला एखादी राज्यघटना समजावून होते. मी श्रीरामपूरहून फोन करून "तब्येत कशी?" म्हटलं, तर उत्तर चार राजवाडे फिरून येतं. मी दमून जातो, पण फोन काही ठेववत नाही.

त्यांचा सगळ्यात लाडका राजा म्हणजे दूरच्या एका थंड देशातला म्हातारा. त्याचं नाव आमच्यापैकी कुणालाच धड म्हणता आलं नाही. जमावावर गोळ्या घाला म्हणणाऱ्या सेनापतीला त्यानं घरी बसवलं होतं आणि सगळी सत्ता आपणहून लोकांच्या हाती दिली होती. मागच्या हिवाळ्यात तो वारला, आणि मोबाईलवर चर्चा कशाची, तर अंत्ययात्रेत त्याच्या नातसुनेनं घातलेल्या काळ्या चष्म्याची! "माणसानं देश देऊन टाकला हो, आणि लोक चष्मा बघतायत!" साडूंना जेवण गोड लागेना. शेवटी त्यांनी जाहीर केलं, की राजाचा दहावा प्रवरेच्या घाटावर करायचा. "एका तरी माणसाला कळू दे, तो कोण होता ते."

गुरुजींनी गोत्र विचारलं, तेव्हा पिंडदान बारगळून नुसत्या श्रद्धांजलीवर आलं. चौकात राजाच्या फोटोचा फ्लेक्स लागला. आमच्याकडे दहाव्याला आमंत्रण लागत नाही, फोटो दिसला की माणसं येतात. तशी आली, आणि राजाला साडूंचे मामा समजून बसली. दर दहाव्याला माईक धरणारे एक पुढारी उठले. "मामांचं आन् आमच्या घराचं लई जुनं नातं. शेवटच्या भेटीत मला म्हनले हुते, गावाकडं ध्यान दे." माणसं हळहळली, आणि कुणीतरी ते मोबाईलवर घेऊन तिथल्या तिथे गावभर पाठवलं. एकामागून एक भाषणं झाली. साडूंची पाळी येईतो घाट रिकामा झाला होता. ते "या राजानं" एवढंच म्हणाले, तोच माईकवाला वायर गुंडाळू लागला. "सर, पुढं अजून एक दहावा हाय, उशीर व्हतोय."

आम्ही दोघंच पायरीवर बसलो. ते म्हणाले, "पाहुणे, माझ्या वेळी तुम्ही बोलाल?"

"बोलेन की."

"काय बोलाल?"

राजांच्या वंशावळ्या माझ्या तोंडपाठ, आणि समोरच्या माणसाबद्दल दोन वाक्यं जुळेनात. फार वाईट वाटलं. मी म्हटलं, "ते नंतर बघू. आधी तुमचं राहिलेलं भाषण करा."

"आता? कोणापुढे?"

"मी आहे ना."

ते उठले, टोपी नीट केली, मोकळ्या घाटाला नमस्कार केला आणि वर्गातल्या आवाजात बोलू लागले. ऊन डोक्यावर आलं होतं, माझे गुडघे ठणकत होते, आणि त्यांचं बोलणं संपू नये असं मला पहिल्यांदाच वाटत होतं.