हौदाच्या चोरीचा मानसशास्त्रीय तपास

एका निरपराध म्हातारीला मी स्टॉपवॉच लावून चोर ठरवलं.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. कचेऱ्या आल्या, साहेब आले, खोल्यांची भाडी वाढली. पाणी तेवढं वाढलं नाही. त्यात दुष्काळ. मी नांदेडहून कॉलेजात मानसशास्त्र शिकवायला आलेलो. अंगण एक, हौद एक आणि बिऱ्हाडं तीन: घरमालकांचं, आमचं, आणि नव्या कचेरीतल्या एका कारकुनाचं. कारकुनाची म्हातारी आई औशाची.

टँकर आला की मालक घागरी वाटून देत आणि उरलेलं पाणी हौदात राखून ठेवत. ते पहाटेचं कमी व्हायला लागलं. म्हातारी सगळ्यांच्या आधी उठायची, म्हणून संशय तिच्यावर.

"सर, खोली सोडा म्हणून सांगणार हाय मी त्यास्नी," मालक म्हणाले.

इथं शहाणा माणूस गप्प बसला असता. मी म्हणालो, "थांबा. शास्त्रानं ठरवू."

शास्त्र सोपं होतं. आपण एकेक शब्द बोलायचा, समोरच्यानं मनात येईल तो पहिला शब्द सांगायचा. चोरीच्या शब्दाला चोर अडखळतो. मी शब्द निवडले: झाड, चूल, हौद, झाकण, रिकामा. हात बसावा म्हणून आठवडाभर बायकोवर सराव केला. भाकरी थापता थापता ती फटाफट उत्तरं द्यायची. मला कौतुक वाटायचं, स्वतःचं.

रविवारी सकाळी अंगणात परीक्षा झाली. बायको, मालकीणबाई, कारकून, सगळे सुटले. मग म्हातारी बसली.

"झाड?"

"लिंब."

"चूल?"

"जाळ."

हौद आणि झाकणही निभावलं.

"रिकामा?"

म्हातारी गप्प. माझ्याकडं बघितलं, दाराकडं बघितलं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "भरला."

मी स्टॉपवॉच दाबलं आणि निकाल सांगितला. कारकून उठून आत गेला. पोत्यात भांडी भरल्याचा आवाज यायला लागला.

मालकांनाच राहवलं नाही. "म्हातारे, एवढा इचार कशाचा करायलतीस?"

"सकाळच्या पारी, दारात बसून, असल्या सालात रिकामा हंडा म्हणू व्हय? तोंडात आलता, गिळले. मग चांगला शब्द हुडकायलते."

"पुस्तकात ह्यालाच टाळाटाळ म्हणतात," मी म्हणालो.

तेवढ्यात बायको पिठाच्या हातानं बाहेर आली. "मालक, पाणी मी काढत होते. ह्यांना गोदावरीची सवय. एका बादलीत आंघोळ होत नाही ह्यांची."

"मग आधीच का न्हाई सांगितलाव?"

"मला वाटलं, ह्यांच्या परीक्षेत कुणीच सापडणार नाही."

"पण तू तर कुठंच अडखळली नाहीस!" मी ओरडलो.

"आठवडाभर पाठ करून घेतलंत की."

मालक पोट धरून हसले. कारकुनाला पोतं सोडायला लावलं आणि माझी आंघोळ तांब्यावर आणली. म्हातारीनं सगळ्यांना चहा केला. मलाही दिला, जरा भरूनच. मी बशीत ओतून घेतला, तेव्हा ती शेजारी टेकली.

"लेकरा, घरच्या बायकोच्या मनातलं कळंना तुला," ती म्हणाली, "अन् कालिजात पोरांना काय शिकवायलास रं?"