कौलांसारखा बसवलेला पाइप

शारजाच्या आमच्या फ्लॅटमध्ये गॅसची शेगडी स्वयंपाकघराच्या आतल्या कोपऱ्यात होती आणि खिडकी पार दुसऱ्या टोकाला. फोडणी पडली की धूर खोलीभर कोंडायचा. बायकोला दमा. डॉक्टरांनी तिला बाहेर बसवलं आणि मला एकट्याला सांगितलं, "धूर बंद करा, नाहीतर त्यांना गावी पाठवा." मुलगी तेव्हा तीन वर्षांची होती. बायको गावी म्हणजे मुलगीही गावी, आणि मी वर्षातून एकदा येणारा पाहुणा. मला हे मुळीच मान्य नव्हतं. तिला काही न सांगता मी ठरवून टाकलं, शेगडी खिडकीखाली न्यायची आणि धूर पाइपाने बाहेर काढायचा.

बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, म्हातारा पठाण होता. त्याने आधीच बजावलं, "दीवार को हाथ नहीं लगाना. खलास." ठीक आहे, नाही लावत. मी खिडकीची वरची काच काढून तिथे पत्रा बसवला आणि पत्र्याला गोल भोक पाडलं. शेगडीवर चिमणी, त्यावर पाइपाचे तीन तुकडे, मग वळणाला कोपर आणि टोकाला पंखा. कोणी कारागीर बोलाव म्हटलं की माझं डोकं फिरायचं. रत्नागिरीला दर उन्हाळ्यात घर शाकारलेला माणूस मी! वरचं कौल खालच्यावर चढवायचं, मग पाणी आत येत नाही. पाइपही तसेच बसवले, वरचा खालच्यावर चढवून. सांध्यांना टेप गुंडाळली आणि स्वतःवर जाम खूश झालो.

दोन आठवड्यांत भाताच्या पातेल्यात तपकिरी थेंब पडला. वर पाहिलं तर सगळे सांधे तेलाने माखलेले, टेप सुटून लोंबतेय आणि धूर पुन्हा घरात. मी रागाने पाइपावर असा गुद्दा हाणला की त्याला पोचा आला. आवाज ऐकून नातूर डोकावला. वर बघून दाढीत हसला.

"साब, छत पे पानी बाहर से गिरता है. इधर तेल अंदर से उतरता है. ऊपरवाला नीचेवाले के अंदर डालो."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, कारण त्याचं बरोबर होतं.

शुक्रवारी सुट्टीला सगळं उतरवलं. साबणाच्या गरम पाण्याने पाइप धुतले, प्रत्येकाचं खालचं तोंड पक्कडीने चिमटून बारीक केलं आणि खालच्या तुकड्यात खोचलं. पत्र्याने बोटं कापली, तरी थांबलो नाही. या वेळी उष्णतेला टिकणारी चंदेरी टेप लावली.

मग बायकोला म्हटलं, "बांगडे तळ. तिखट सढळ हाताने लाव."

तिने तळले. धूर सरळ वर गेला. मी तिच्या तोंडाकडे बघत उभा. चौथा बांगडा झाला तरी ती खोकली नाही. तेव्हा कुठे मी डॉक्टरांचं बोलणं तिला सांगून टाकलं.

तिने गॅस बारीक केला. "मला ठाऊक होतं. दार उघडंच होतं त्यांचं. पाठवाल म्हणून महिनाभर तुमच्यासमोर खोकले नाही मी. न्हाणीघरात नळ सोडून खोकत होते."

मी ओरडलोच, "अगं, मग आता खोक ना! माझ्यासमोर खोक!"

तिने पदर तोंडाला लावला, प्रयत्न केला आणि हसली. "अहो, येत नाहीये."

मी तिथेच खाली बसलो आणि रडलो.