लांबड्याचं स्थळ

जर्मनीत त्सुफेनहाउझेनला लेकीकडे गेले की तळमजल्याच्या दारावरून मी जरा लगबगीनेच जायची. घरमालक तिथे लांबडी पाळायचे. हो, तीच. मी नाव घेत नाही, माझी आईही घेत नसे. दिवाणखान्याची एक अख्खी भिंत काचेच्या पेट्यांनी भरलेली. माणूस तसा भला हो, जिन्यात भेटला की आपल्या हातातली पिशवी स्वतः घेणारा.

त्या हिवाळ्यात त्यांचा लाडका बोआ, मनगटाएवढं जाड लांबडं ते, मान वर करून छताकडेच बघत बसायला लागला. उताणा झाला की त्याला सरळ होता येईना. जनावरांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा संसर्गाचा आजार, औषध नाही, याला बाकीच्यांपासून वेगळा ठेवा. हे घरमालकांनीच लेकीला सांगितलं आणि वर म्हणाले, "डॉक्टरांना काय कळतंय! हायत्सुंग कमी पडतंय त्याला, ऊब हो. थोडा श्ट्रेस आहे."

आणि श्ट्रेसवर उपाय काय काढला? तर लग्न! याच छंदातल्या एक बाई रविवारी आपली मादी घेऊन येणार होत्या. आम्हाला कॉफी-केकचं आमंत्रण. नाही कसं म्हणणार?

बाई आल्या त्या मादीला उशीच्या अभ्र्यात घालून, वर गाठ मारून. नवरा गेल्यापासून घरात हीच सोबत, म्हणाल्या, आणि अभ्र्यावरून हात फिरवला. मला गलबलूनच आलं. ही धडधाकट पोर त्या पेटीत गेली की संपलंच.

"अगं, सांग ना त्यांना," मी लेकीला कोपराने ढोसलं.

"आई, घरमालक आहेत ते! दुसरं घर तू शोधणारेस का इथे?"

मग मीच माझं जर्मन बाहेर काढलं. "एअर क्रांक! झी आउख क्रांक!" तो आजारी, तीही आजारी पडेल.

बाई हसल्या. "नाईन, नाईन! सगळेच कधीमधी वर बघतात." घरमालक म्हणाले, "तो स्वप्नाळू आहे."

आमच्या नात्यात एक मुलगा असाच दाखवला होता. दर वाक्याला खोकायचा. तर म्हणे, गाणाऱ्याचा घसा आहे, नाजूक. स्वप्नाळू म्हणे!

घरमालकांनी पेटीचं झाकण सरकवलं आणि अभ्र्याकडे हात केला. त्याआधी मी तो उचलून मांडीवर घेतला. घेतल्यावर लक्षात आलं, आत काय आहे ते. ते वळलं. मी गाठ आणखी घट्ट धरली.

"आई, ठेव ते खाली!"

"नाही ठेवायची. मुलगी द्यायची नाही."

"अगं, पण कारण काय सांगू त्यांना?"

आता खरं कारण तर सांगून झालं होतं. मग आपल्याकडे जे सांगतात तेच तोंडातून गेलं. "सांग, पत्रिका जुळत नाही."

लेकीने कपाळाला हात लावला आणि सांगितलं. दोघे एकदम गंभीर.

"आख् झो!" घरमालक म्हणाले. "या, गेनाऊ! अगदी बरोबर! नोव्हेंबरचा आहे तो. वृश्चिक!"

बाईंनी मान हलवली. त्यांच्या पोरीची म्हणे मेष. त्यांनी अभ्रा माझ्या मांडीवरून अलगद उचलला, घट्ट कुशीत घेतला. वृश्चिकेशी त्यांचं स्वतःचंही कधी जमलं नव्हतं.

"मग याच्यासाठी दुसरी बघू," घरमालक. "कोणती रास चालेल?"

आली का पंचाईत! मी डोळे मिटले, बोटांची पेरं मोजली. "सांग त्यांना, याच्या पत्रिकेत संसारच नाही. ब्रह्मचारी योग आहे. ब्रह्मचाऱ्याला खोली वेगळी लागते, भांडी वेगळी लागतात. आणि याला शिवलं की साबणाने हात धुतल्याखेरीज दुसऱ्या कुणाला शिवायचं नाही. सोवळं असतं."

लेक सोवळ्यावर अडखळली, पण पोचवलं तिने.

त्याच संध्याकाळी बोआची पेटी मागच्या खोलीत गेली. पुढे कुणी स्थळाचा फोन केला, की घरमालक अभिमानाने सांगायचे, "नाईन, नाईन. एअर इस्ट ब्राम्माचारी," आणि हात धुवायला जायचे.