आतून ‘नाही’ म्हणणारे कॉम्प्युटर

आमच्या धंद्यातले किस्से आठवावे लागत नाहीत. एक सांगायला घेतला की दुसरा मध्येच तोंड घालतो. परवा मैत्रिणींना घरी बोलावलं होतं. सहज म्हणून एक सांगितला, तर चहा गार झाला, पुन्हा केला, तोही गार झाला, तरी माझी गाडी थांबेना!

आधी काम काय ते सांगते. अंधेरीच्या एमआयडीसीत एका गाळ्याच्या माळ्यावर आम्ही तिघं बसतो. परब सर, केतन आणि मी. लोकांचे कॉम्प्युटर लांबून सांभाळायचे. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये आम्ही एक छोटा प्रोग्रॅम बसवून ठेवतो, त्याला म्हणतात एजंट. आमचा सर्व्हर सारखा त्याला विचारत असतो, ‘काय रे, बरा आहेस ना?’ एजंट सांगतो, डिस्क किती भरली, मशीन किती तापलं. मग भिंतीवरच्या बोर्डावर हिरवा ठिपका. बोलणं झालं नाही की लाल.

लाल ठिपक्याशेजारी बहुतेक वेळा दोनातलं एक लिहून येतं. टाइमआउट, नाहीतर कनेक्शन रिफ्यूज्ड. परब सर मूळचे मालवणचे. त्यांनी मला पहिल्याच दिवशी फरक समजावला. “टाइमआउट म्हणजे दाराला कुलूप. रिफ्यूज्ड म्हणजे घरात माणूस आहे, तुझी हाक त्याने ऐकलीय, आणि तो आतूनच नाही म्हणतोय. कुलूप परवडलं गो. हे नाही म्हणणारे डोकं खातात.”

* * *

आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे एक पॅथॉलॉजी लॅब. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत शाखा. तिथलं सगळं बघणारे सबनीस साहेब एकदा आमचं काम बघायला येणार होते. आम्ही टेबलं पुसली, परब सरांनी इस्त्रीचा शर्ट घातला, केतनने चक्क दाढी केली.

आता गंमत अशी, की एजंट अनोळखी माणसाशी बोलत नाही. आम्हीच त्याला शिकवलेलं असतं, की अमुक पत्त्यावरून विचारणा झाली तरच उत्तर द्यायचं. तो पत्ता आमच्या ऑफिसच्या इंटरनेट लाइनचा. आणि आमच्या मालकांनी साहेबांवर छाप पडावी म्हणून आदल्याच दिवशी नवी, फास्ट लाइन घेतली होती. लाइन नवी, म्हणजे पत्ता नवा. हे एजंटांना कुणी सांगितलंच नाही!

परब सर साहेबांना घेऊन वर आले. “बघा साहेब, तुमची प्रत्येक शाखा इथून दिसते,” म्हणत त्यांनी बोर्डाकडे हात केला. बोर्ड नुसता लाल. एक ठिपका हिरवा म्हणून नाही.

साहेब म्हणाले, “माझी सगळी लॅब मेली?”

सरांनी बोर्ड नीट वाचला. “नाही साहेब. सगळी जिवंत आहे. फक्त आमच्याशी बोलत नाहीये.”

साहेबांना हसू आलं नाही. जाताना म्हणाले, “हा महिना बघतो. प्रत्येक लाल ठिपक्याचं कारण मला रिपोर्टमध्ये हवं. कुणामुळे, तेही. एकाही ठिकाणी ‘कारण माहीत नाही’ असं आलं, तर आपला संबंध संपला.” ते गेल्यावर मालक आम्हाला एवढंच म्हणाले, की लॅब गेली तर तुम्हा तिघांचं हे टेबलही जाईल.

मुलगा लहान होता म्हणून मी बरीच वर्षं घरी होते. परत कामाला लागायचं ठरवलं तेव्हा सगळीकडे ‘कळवतो’ म्हणाले आणि कुणीच कळवलं नाही. परब सरांनी घेतलं. मला ही नोकरी जिवापाड आवडते, आणि ती मला घालवायची नव्हती.

* * *

मग काय, एजंटांना नवा पत्ता शिकवला, आणि त्या महिन्यात आम्ही उरलेल्या लाल ठिपक्यांच्या मागे हात धुऊन लागलो.

पहिला नंबर मुलुंडचा. बिलिंगच्या कॉम्प्युटरला विचारलं की नाही. पुन्हा विचारलं, पुन्हा नाही. केतन फोनवर विचारतोय, मशीन चालू आहे का? आहे. एजंट चालू आहे? आहे. शेवटी तो वैतागून स्वतः मुलुंडला गेला.

दुपारी त्याचा फोन. “सर, इथे पेशंटसाठी नवा टीव्ही लावलाय. त्याने आपल्या मशीनचा पत्ता घेतलाय, आणि मशीनला दुसराच मिळालाय. आपण कालपासून टीव्हीला विचारतोय, तुझी डिस्क किती भरली.”

“मग तो नाहीच म्हणणार,” सर म्हणाले. “त्याची काय चूक?”

रिपोर्टमध्ये ‘कुणामुळे’च्या खाली आम्ही लिहिलं, टीव्ही.

* * *

खारदांड्याला लॅबचं छोटं कलेक्शन सेंटर आहे. तिथले मोरे काका रक्त घ्यायला एक नंबर, पण कॉम्प्युटरची भयंकर धास्ती. तिथला ठिपका लाल झाला आणि मी फोन उचलणार, तेवढ्यात त्यांचाच आला. आवाजात केवढा आनंद!

“मॅडम, चोर पकडला! भाच्याने नवा अँटीव्हायरस टाकून दिला, त्याने बसल्या बसल्या पकडला. गुपचूप बसून आतली माहिती बाहेर पाठवत होता मेला.”

मला शंका आली. “काका, त्याचं नाव काय दिसतंय?”

काकांनी एकेक अक्षर वाचून दाखवलं. आमचाच एजंट.

“काका, तो आपला माणूस आहे. सोडा त्याला.”

काका आवाज खाली आणून म्हणाले, “मॅडम, नक्की ना? कारण आपलेच जास्त घात करतात.”

* * *

घाटकोपरला काउंटरवर वैशालीताई. तिथला ठिपका सकाळी हिरवा आणि शाखा उघडली रे उघडली की लाल. रोज. मी फोन केला तर बाई बिनधास्त म्हणाल्या, “हो, मीच बंद करते. आल्यावर आधी देवाला हात जोडते, मग त्याला बंद करते.”

“का हो ताई?”

“का म्हणजे? एजंट ना तो? मी काय खाते, कुणाशी बोलते, कुठल्या साड्या बघते, सगळं तुमच्याकडे जाणार. मला काय वेडी समजलात?”

मी फोनवर परोपरीने सांगितलं. पटेना. परब सर म्हणाले, “तिला इथे बोलाव. बघू दे स्वतःच्या डोळ्यांनी.” सुट्टीच्या दिवशी ताई आल्या, ठेवणीतली साडी नेसून, आणि साक्षीला बहिणीला घेऊन! मी त्यांचं मशीन उघडून दाखवलं. डिस्क निम्मी भरलेली. मेमरी ठीक. तापमान ठीक.

ताईंनी पडदा वरपासून खालपर्यंत वाचला. “आणि मी कुठे आहे?”

“तुम्ही कुठेच नाही ताई.”

“एवढंच दिसतं?” त्यांचा चेहरा पडला. बहिणीला म्हणाल्या, “चल गं. आपल्याकडे कुणाचंच लक्ष नाही.”

पण त्या दिवसापासून त्यांनी एजंटला हात लावला नाही. उलट रोज फोन करतात. “आज किती तापलाय गं आमचा?” मी आकडा सांगते, आणि त्या शेजारच्या काउंटरला ओरडून सांगतात.

* * *

बोरिवलीचा किस्सा केतनला आवडत नाही, म्हणून मी तो सगळ्यांना सांगते.

केतन हुशार आहे, वादच नाही. पण कामात असला की स्वतःशीच बडबडतो आणि दुसऱ्याचं काही ऐकत नाही. बोरिवलीला नवीन मशीन आलं, एजंट त्याने बसवला. आमच्या बोर्डावर रिफ्यूज्ड. केतन म्हणे, शक्यच नाही. तिथे बसून तपासलं तर एजंट पोपटासारखा बोलतोय. आम्ही इकडून विचारलं की नाही. केतनने लॅबच्या नेटवर्कवाल्याला झापलं, इंटरनेटवाल्याला झापलं, मला तर कारण नसताना दोनदा.

परब सरांनी सेटिंग उघडून वाचलं. केतनने एजंटला फक्त त्याच मशीनशी बोलायची परवानगी दिली होती. म्हणजे स्वतःच विचारायचं, स्वतःच उत्तर द्यायचं, बाहेरच्याला थारा नाही.

सरांनी चष्मा काढला. “केतन, मेल्या, ह्यां मशीन अगदी तुझ्यार गेलां हां.”

त्या रिपोर्टमध्ये ‘कुणामुळे’च्या खाली केतनने स्वतःच्या हाताने स्वतःचं नाव टाइप केलं. मी त्याला नंतर वडापाव खाऊ घातला.

* * *

महिना संपत आला. सगळ्या लाल ठिपक्यांची कारणं सापडली, एक सोडून. लॅबच्या अंधेरीच्या मुख्य ऑफिसातला एक कॉम्प्युटर. सकाळभर हिरवा. जेवणाची सुट्टी संपली की लाल, रिफ्यूज्ड. संध्याकाळी पुन्हा हिरवा. फोन केला की तिथली रिसेप्शनिस्ट म्हणायची, “त्या मशीनला कुणी हात लावायचा नाही, असं सांगितलंय.” कुणी सांगितलंय, ते सांगायची नाही.

शेवटी मीच रिक्षा करून गेले. आम्ही प्रत्येक मशीनवर नंबराचा स्टिकर लावतो. टेबलामागून टेबल बघत गेले, कुठेच नाही. एक केबिन राहिली होती. जेवणाची वेळ, केबिन रिकामी. प्यूनला विचारून आत वाकून पाहिलं, तर टेबलाखाली तो नंबर! मी बाहेर येऊन दारावरची पाटी वाचली. सबनीस साहेब.

ऑफिसात येऊन सांगितलं तर केतन खुर्चीतून उठलाच. “वाट लागली! आता लिहायचं काय? खरं लिहिलं तर साहेब चिडणार, माहीत नाही लिहिलं तरी आपण गेलो. सर, सरळ नेटवर्कवर ढकलून देऊ ना.”

“खोटं लिहायचं नाही,” सर म्हणाले. मी घरी गेले तेव्हा मुलाने विचारलं, “आई, आज तू का हसत नाहीयेस?”

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही तिघं साहेबांच्या केबिनमध्ये. केतनच्या लॅपटॉपवर बोर्ड उघडलेला. साहेब आपल्या कॉम्प्युटरच्या मागे. रिपोर्ट वाचताना टीव्हीपाशी ते चक्क हसले, वैशालीताईंपाशी मोठ्याने हसले. मला वाटलं, सुटलो. मग त्यांनी बोर्डाकडे बोट केलं. सगळं हिरवं, एक लाल.

“हा कोण?”

“हेड ऑफिसचं मशीन आहे साहेब,” सर म्हणाले. “रोज दुपारी कुणीतरी एजंट हाताने बंद करतं.”

“रोज?” साहेबांचा आवाज चढला. “माझ्या ऑफिसात? नाव काय त्या माणसाचं?”

केतन छताकडे बघत होता.

“विचारतोय मी, परब. त्याला आत्ता फोन लावा. माझ्यासमोर.”

परब सरांनी शांतपणे मोबाइल काढला आणि नंबर लावला. टेबलावर साहेबांचा फोन वाजला.

साहेबांनी फोनकडे पाहिलं. सरांकडे पाहिलं. पुन्हा फोनकडे पाहिलं. आणि उचलून कानाला लावला. “हं. बोला.”

“नमस्कार साहेब, परब बोलतोय,” टेबलाच्या अलीकडून सर फोनमध्ये म्हणाले. “तुमच्या मशीनवरचा आमचा एजंट बंद दिसतोय. जरा चालू कराल का?”

“करतो.” साहेबांनी माउस हलवला. दोन क्लिक ऐकू आल्या. लॅपटॉपवरचा शेवटचा ठिपका हिरवा झाला.

“झाला साहेब. थँक्यू.”

“वेलकम. पुढच्या वर्षाचं कॉन्ट्रॅक्ट संध्याकाळी मेल करतो.” साहेबांनी फोन ठेवला.

मला नाचावंसं वाटत होतं! आम्ही उठणार, एवढ्यात केतनने, ज्याने सकाळपासून तोंड उघडलं नव्हतं, नेमकं तेव्हाच विचारलं, “सर, रिपोर्टमध्ये या मशीनच्या पुढे काय लिहू?”

परब सरांनी डोळे मिटून घेतले. साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि कॉम्प्युटरचा पडदा, आम्हाला दिसू नये असा, थोडा आपल्याकडे वळवून घेतला.

“लिहा,” ते म्हणाले, “युझरने सहकार्य केलं.”