उसन्या मायक्रोस्कोपांची पाहणी

पाहणी समितीला आपल्याच कॉलेजची उणीव बोट दाखवून सांगणारा माणूस अख्ख्या नागपुरात एकच होता, आणि तो आमच्या वाट्याला आला होता. मी मुलींच्या एका कॉलेजात ऑफिस सांभाळत असे. ते वनस्पतिशास्त्राचे सर. चिठ्ठी लावल्याशिवाय त्यांना कुठलीही वस्तू खरी वाटत नसे. आवारातल्या कडुनिंबालाही लॅटिन नावाची पाटी होती. माझ्या डब्यातल्या वांग्याचं कूळ ते नेमकं माझ्या तोंडात घास असताना सांगत. प्राचार्यांच्या सत्कारात तर त्यांनी हारातलाच झेंडू तोडून "हे एक फूल नाही, फुलांचा मोहल्ला आहे," असं सभेला समजावलं. प्राचार्य बिचारे मान वाकवून उभे.

दुष्काळामागून महागाई आली आणि सरकारने काटकसरीचा हुकूम काढला, ते वर्ष. नवी खरेदी बंद. आणि त्याच वर्षी सरांच्या पदवी वर्गाची मान्यता संपत होती. विद्यापीठाची समिती मायक्रोस्कोप मोजणार. कमी भरले तर वर्ग बंद. वर्गातल्या बहुतेक मुली उमरेडच्या विणकर घरांतल्या. वर्ग मोडला की त्यांचं शिक्षण संपलं, हे आम्ही दोघं जाणून होतो.

अशा वेळी कॉलेजं एकमेकांना मायक्रोस्कोप उसने देत, लग्नघरी शेजारणी पातेली देतात तसे. मी यादी केली, रिक्षाने सहा आणवले आणि सरांना मांडायला सांगितले. समितीबरोबर मी प्रयोगशाळेत शिरले, तर काय! सहाही मायक्रोस्कोपांवर सरांच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी: 'उसना. सोमवारी परत.'

"सर, हे काय करून ठेवलं?" मी कुजबुजले.

"काहून घाबरून राहिल्या बाई? दुसऱ्याची वस्तू आहे, लिहू नाही का?"

अध्यक्षांनी चिठ्ठी वाचली. "यातले दोन आमच्या कॉलेजातही येऊन गेलेत," ते हसले. मग गंभीर झाले. "तुमचे स्वतःचे किती?"

"दोन. अन् पोरी अकरा. पाळीपाळीनं पाहतात. वर्ग बंद केला, तर मुलांसंगं शिकाले त्यांले कोणता बाप पाठवते जी?"

मायक्रोस्कोप कमी भरले, तरी मान्यता मिळाली, पण एकाच वर्षाची. पुढे दरवर्षी एकेका वर्षाचीच मिळत गेली, आणि वर्ग टिकला. कायमच्या मान्यतेचं पत्र आलं तेव्हा सर निवृत्त झाले होते, मोतीबिंदूने दिसेनासं झालं होतं. मी घरी जाऊन पत्र वाचून दाखवलं.

"यंदा पोरी किती?"

"सत्तावीस."

"नावं सांगा."

आठवली तेवढी सांगितली. त्यातल्या एकीलाही त्यांनी पाहिलेलं नव्हतं, पण प्रत्येक नावाला ते हळूच मान डोलावत होते.